माझ्या गॅलरीत ४१ जणांची आधार कार्डं

परवा फोन सारखा 'मेमरी फुल' दाखवायला लागला, म्हणून रात्री जेवण झाल्यावर गॅलरी साफ करायला बसलो. गुड मॉर्निंगचे फोटो, लग्नपत्रिका, मोसंबीच्या भावाचे स्क्रीनशॉट, गणपतीचे व्हिडिओ. भराभर उडवत होतो. मधेमधे आधार कार्डं यायला लागली. एक, दोन, सात, बारा. सहज म्हणून मोजली.

४१ जणांची आधार कार्डं निघाली.

त्यातली घरची पाच. बाकीचे ३६ जण कोण? गल्लीतल्या मावशी, भावकीतले काका, मित्राची बायको, आमच्या शेतावर कामाला येणारं एक जोडपं, आणि चार चेहरे तर असे की कोण आहेत ते मलाच आठवेना. आधारसोबत बँकेची पासबुकं, सातबारे, पॅनकार्डं, एका ताईचं तर एटीएम कार्ड, पुढून आणि मागून.

यातलं काहीच मी चोरलेलं नाही. लोकांनी विश्वासानं पाठवलं. कुणाचा पीकविमा भरायचा होता, कुणाचं घरकुल, कुणाचं ई-श्रम कार्ड, कुणाचं रेल्वेचं तिकीट. 'भाऊ, तेवढं करून दे' म्हणाले, मी करून दिलं. काम दहा मिनिटांत झालं. फोटो मात्र तीन-चार वर्षं माझ्याकडं पडून. मधल्या काळात मी एक फोन दुरुस्तीला टाकला, एक जुना फोन एक्सचेंजमध्ये दिला. तेव्हा या ३६ जणांचा विचार माझ्या मनातसुद्धा आला नाही.

आता आणखी एक गोष्ट सांगतो. ती सांगायला जरा जड जातं, पण त्याशिवाय या पोस्टला अर्थ नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या गावची नुकसानभरपाईची यादी माझ्या हाती लागली. नाव, गट नंबर, रक्कम, बँक, खाते क्रमांक, मोबाईल, सगळं एका कागदावर. लोक रोज विचारायचे, 'माझं नाव आलं का रे?' मला वाटलं, लोकांचे हेलपाटे वाचतील. सहा पानांचे फोटो काढले आणि गावच्या ग्रुपवर टाकले. ग्रुपवर तेव्हा दोनशेच्या वर मेंबर. तासाभरात यादी शेजारच्या दोन गावांत पोचली. लोकांनी अंगठे दाखवले, 'चांगलं काम केलं भाऊ' म्हणाले. मलाही बरं वाटलं.

पुढच्या महिन्यात गावातल्या एका तात्यांना फोन आला. समोरचा शुद्ध मराठीत बोलत होता. 'तुमच्या अनुदानाची केवायसी राहिली आहे.' तात्या आधी बिचकले. पण त्यानं तात्यांचं पूर्ण नाव सांगितलं, गाव सांगितलं, गट नंबर सांगितला, बँक सांगितली, खात्याचा नंबर वाचून दाखवला. मग तात्यांना वाटलं, हा साहेबच असणार. एवढं सगळं दुसऱ्या कुणाला ठाऊक असतंय? मग एटीएम कार्डावरचे आकडे सांगून झाले, आणि शेवटी मेसेजमध्ये आलेला सहा आकडी नंबर. साडेअठरा हजार गेले. कापसाचे पैसे होते.

तात्या दुसऱ्या दिवशी मलाच घेऊन बँकेत गेले. तिथं विचारलं, 'ओटीपी तुम्ही सांगितला का?' तात्या म्हणाले, 'सांगितला की. सायबानं इचारला.' विषय संपला.

तो फोन करणाऱ्याला माहिती माझ्या यादीतूनच मिळाली, हे मी सिद्ध करू शकत नाही. दुसरीकडूनही मिळाली असेल. पण तात्यांनी मला त्या दिवशी तो फोन शब्दन् शब्द सांगितला आणि त्यानं जे-जे वाचून दाखवलं, ते सगळं मी टाकलेल्या कागदावर होतं. तात्यांना हे आजही माहीत नाही. ही पोस्ट टाकण्याआधी मी त्यांच्या घरी जाऊन सांगणार होतो. हिंमत झाली नाही. या आठवड्यात जाणार आहे.

---

हे सगळं आता का काढलं? कारण आपल्या जिल्ह्यात गेल्या वर्षी याच सवयीचा फार मोठा हिशोब बाहेर आला.

अंबड आणि घनसावंगी तालुक्यातला अनुदान घोटाळा सगळ्यांना ठाऊक आहे. २०२२ ते २०२४ या काळात अतिवृष्टी, गारपीट यासाठी आलेलं शेतकऱ्यांचं अनुदान. त्याच्या याद्यांत शेती नसलेल्यांची नावं घुसवली, क्षेत्र वाढवून दाखवलं, एकाच माणसाला दोनदा पैसे दिले, असं चौकशीत पुढं आलं. रक्कम जवळपास २५ कोटी. तलाठी निलंबित झाले, ऑगस्ट २०२५ मध्ये अंबड पोलिसांत गुन्हा दाखल झाला. कोण दोषी, कोण नाही, ते कोर्ट ठरवील. त्यावर मी बोलणार नाही.

मला बोलायचंय एका गोष्टीवर. हा व्यवहार झाला कसा, तर तहसीलदारांचं लॉगिन आणि पासवर्ड वापरून, असं चौकशीत समोर आलं. म्हणजे तिजोरी कुणी फोडली नाही, कुठला हॅकर रशियातून आला नाही. किल्ली ज्याच्या खिशात असायला पाहिजे होती, ती दुसऱ्याच्या हातात होती.

आपण यावर भरपूर शिव्या दिल्या, आणि द्यायलाच पाहिजेत. पण जरा आजूबाजूला बघा. कोणत्याही ऑफिसात जा. 'साहेबांचा पासवर्ड ऑपरेटरला पाठ' ही आपल्याकडं तक्रार नाही, सोय आहे. पासवर्ड मॉनिटरला चिठ्ठीवर चिकटवलेला. डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी चावी कायमची कम्प्युटरला लावलेली. साहेबांना वेळ नाही, लोकांची गर्दी आहे, काम तर झालं पाहिजे. मीसुद्धा 'काम झालं पाहिजे' म्हणूनच यादी टाकली होती. अधिकाऱ्याची चूक आणि माझी चूक आकारानं वेगळी असेल, पण जात एकच. दुसऱ्याची गोष्ट आपल्या हातात असताना ती आपलीच असल्यासारखी वापरायची.

---

आपल्या आज्या-पणज्यांना हे आपल्यापेक्षा चांगलं कळत होतं. त्यांच्याकडं फोन नव्हता, लिहिता-वाचता येत नव्हतं. पण एक गोष्ट त्यांनी हाडाशी धरून ठेवली होती: कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाही.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावात बाजाराच्या दिवशी शेतकरी सावकारांवर चालून गेले. पुढं हे लोण नगर जिल्ह्यातही पसरलं. त्यांचा राग सगळ्यात जास्त कशावर होता? कागदांवर. कर्जाचे रोखे, खतं बाहेर काढली आणि जाळली. कारण त्या कागदांवर काय लिहिलंय हे अंगठा देणाऱ्याला माहीतच नसायचं. पन्नास घेतले आणि कागदावर दीडशे. त्यानंतर सरकारनं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा केला, त्यात शेतकऱ्याचे कर्जाचे दस्त गावच्या निबंधकासमोर करण्याची तरतूद आणली. आपला जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, तो कायदा इथं लागू नव्हता. पण सावकार आणि अंगठा ही गोष्ट इकडंही तीच होती, घरोघरी ऐकलेली आहे.

आता सांगा, ओटीपी म्हणजे काय? तो अंगठाच आहे. मशीनवर ठेवलेलं बोट म्हणजे काय? खराखुरा अंगठाच. पण पणजीनं कागद वाचून घेतल्याशिवाय जो अंगठा दिला नसता, तो आपण दिवसातून तीनदा देतो. 'हं, इथं बोट ठेवा मावशी. नाही लागलं, परत ठेवा. अजून एकदा.' तीन वेळा बोट कशासाठी लागलं हे मावशीनं विचारलंय का कधी?

बँक मित्राकडं आधारवर पैसे काढायला फक्त तीन गोष्टी लागतात: आधार नंबर, बँकेचं नाव आणि बोट. तिथं ओटीपी येत नाही. मावशीकडं साधा फोन, मेसेज इंग्रजीत, तोही पोराच्या नंबरवर, आणि पोरगं पुण्याला कंपनीत. बहुतेक सेंटरवाले प्रामाणिक आहेत, उन्हातान्हात आपलीच कामं करतात. पण व्यवस्था प्रामाणिकपणावरच उभी असेल, तर एक बेइमान निघाला की शंभर मावश्या गेल्या.

---

आता नेहमीचा प्रश्न. 'आपल्याकडं लपवायला काय आहे राव? दोन एकर कोरडवाहू, खात्यात चार हजार. आपला डेटा घेऊन कोण काय करणार?'

साधं उत्तर. गावात बायका अंघोळीला आडोसा करतात तो काही लपवायला नाही करत. आडोसा ही माणसाची अब्रू आहे. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमतानं सांगितलं की खासगीपण हा घटनेनं दिलेला मूलभूत हक्क आहे. तो हक्क मुंबईच्या बंगल्यातल्या माणसाला जेवढा, तेवढाच मंठ्याच्या ऊसतोड कामगाराला.

दुसरं उत्तर जास्त व्यवहाराचं. एकटीदुकटी माहिती बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. तुमचा सातबारा आजही कुणीही ऑनलाइन बघू शकतो, आणि ते चांगलंच आहे, जमिनीचे व्यवहार त्यामुळं उघडे राहतात. तुमचा मोबाईल नंबर अर्ध्या गावाकडं आहे. बँक कोणती, हेही सगळ्यांना माहीत. पण नाव, गट नंबर, मोबाईल, खाते आणि आधार हे पाच तुकडे एका कागदावर आले, की त्याचं दोर होतं आणि ते तुमच्याच गळ्यात पडतं. तात्यांना फसवणाऱ्यानं कुठलं तंत्रज्ञान वापरलं नाही. त्यानं फक्त हे तुकडे वाचून दाखवले आणि तात्यांचा विश्वास विकत घेतला.

२०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत सातारा जिल्ह्यातलं प्रकरण गाजलं होतं. दुसऱ्या बायकांचे आधार नंबर इंटरनेटवरून उचलून भलत्यानंच ढीगभर अर्ज भरले होते. नवी मुंबईतल्या एका बाईंचा स्वतःचा अर्ज भरला जाईना, तेव्हा ते उघडं पडलं. त्या बायकांकडंही लपवायला काही नव्हतं. त्यांच्या हक्काचे पैसे मात्र दुसऱ्याच्या खात्यात जाण्याची वेळ आली.

---

कमेंटमध्ये एक गोष्ट नक्की येणार, म्हणून आधीच बोलतो. 'सरकारच सगळीकडं आधार मागतं, फार्मर आयडी मागतं, कंपन्या सगळा डेटा गोळा करतात, आणि तू गरिबाला जबाबदारी शिकवतोस?'

बरोबर आहे. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० ला आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. तेव्हापासून आजपर्यंत आपल्याकडं मागणाऱ्या खिडक्या वाढत गेल्या. माहिती सांभाळण्याचा कायदा संसदेत मंजूर झाला २०२३ मध्ये, त्याचे नियम आले नोव्हेंबर २०२५ मध्ये, आणि तेही टप्प्याटप्प्यानं लागू. सरकारनं त्यात स्वतःसाठी सवलती भरपूर ठेवल्यात. यावर भांडलंच पाहिजे. माहिती मागणाऱ्याची जबाबदारी देणाऱ्यापेक्षा मोठी असते, यात वादच नाही.

पण तोच न्याय मी स्वतःला लावला, तेव्हा माझ्या लक्षात आलं की या खेळात मी फक्त देणारा नाही. माझ्या गॅलरीत ४१ आधार कार्डं आहेत, म्हणजे मी मागणाराही आहे. मी एक छोटं ऑफिसच आहे, फक्त पाटी नाही. गावात ज्याला फोन जरा बरा चालवता येतो, तो प्रत्येक जण असं एक ऑफिस आहे. तुम्हीसुद्धा. आपली प्रायव्हसी आपण सांभाळू हे खरं, पण आपल्या फोनमध्ये पडलेली दुसऱ्याची प्रायव्हसी कोण सांभाळणार? मावशीला मास्क्ड आधार म्हणजे काय ते कळत नाही. मला कळतं. मग जबाबदारी तिच्यापेक्षा माझी जास्त.

आणि दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. 'प्रायव्हसी' म्हणून याद्याच लपवा, असं मी म्हणत नाही. लाभार्थ्यांच्या याद्या उघड असल्याच पाहिजेत. कुणाच्या नावावर किती पैसे आले हे गावाला दिसलं, तरच गाव विचारणार, 'याला शेती कुठंय?' बोगस नावं पकडायची असतील तर यादी ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लागलीच पाहिजे. पण त्यासाठी नाव, गाव आणि रक्कम पुरेशी आहे. खाते क्रमांक आणि आधार नंबर गावाला कशाला? आधार कायद्यातच आहे की कुणाचा आधार नंबर असा जाहीर प्रसिद्ध करायचा नाही. पैसे उघड आणि किल्ली झाकलेली, एवढा साधा फरक आहे. आपल्याकडं कधीकधी नेमकं उलटं होतं. रक्कम विचारली तर 'माहिती अधिकारात अर्ज करा', आणि खाते नंबर ग्रुपवर.

---

मी त्या रात्रीपासून काय केलं ते सांगतो. उपदेश समजू नका, तुम्हाला जमेल तेवढं घ्या.

१. ३६ जणांचे सगळे फोटो उडवले. गॅलरीतून, मग 'ट्रॅश'मधून, मग बॅकअपमधून. चॅटमध्येही तेच फोटो असतात, तिथूनही. आता कुणाचं काम केलं की त्याच्यासमोरच डिलीट करतो आणि त्याला दाखवतो.

२. घरच्यांचं मास्क्ड आधार डाउनलोड करून ठेवलं. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. ओळख दाखवायला बऱ्याच ठिकाणी तेवढं चालतं. झेरॉक्स द्यायचीच असेल तर तिच्यावर आडवं लिहितो: कशासाठी दिली, कुणाला दिली आणि तारीख.

३. आईचं आणि मावशीचं बायोमेट्रिक लॉक केलं. आधारच्या ॲपवर होतं. पैसे काढायचे असतील तेव्हा थोड्या वेळासाठी उघडायचं. मोबाईल आधारला जोडलेला पाहिजे, एवढीच अट.

४. संचार साथीच्या वेबसाइटवर माझ्या नावावर किती सिम आहेत ते बघितलं. तुम्हीही बघा. ओळखीचा नसलेला नंबर दिसला तर तिथंच कळवता येतं.

५. ग्रुपवर 'पीएम किसान', 'आरटीओ चलान', 'लग्नाची पत्रिका' या नावानं एपीके फाइल आली तर उघडत नाही, मग सख्ख्या भावानं पाठवली असली तरी. त्याचा फोन आधीच गेलेला असू शकतो. पहिल्यांदा त्याला फोन लावतो.

६. घरात सगळ्यांना एक नंबर पाठ करायला लावला: १९३०. पैसे गेले की लाजत बसायचं नाही, पोराची वाट बघायची नाही, लगेच फोन. पैसे पुढं काढून घेण्याआधी थांबवायची संधी पहिल्या तासातच जास्त असते. बँकेलाही त्याच दिवशी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात नियम असा होता की ओटीपी तुम्ही स्वतः सांगितला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे उशिराचा एकेक तास आपल्या खिशातून जातो. तात्यांच्या वेळी मला यातलं काही माहीत नव्हतं.

सेंटर चालवणाऱ्या मित्रांना एक विनंती. बोट घ्यायच्या आधी एक वाक्य बोला: 'मावशी, हे अमक्या कामासाठी, एवढ्या रकमेचं आहे.' पावती हातात द्या. बोट लागलं नाही तर 'लागलं नाही' असं स्क्रीनवर दाखवून मगच दुसऱ्यांदा घ्या. एवढ्यानं तुमच्यावरचा संशयही जाईल.

आणि ऑफिसातल्या साहेब लोकांना. तुमचा पासवर्ड ही तुमची सही आहे. कोऱ्या चेकवर सही करून तुम्ही तो टेबलावर ठेवाल का? मग लॉगिन कशाला उघडं ठेवता? उद्या चौकशी लागली की 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तुम्हालाही पुरणार नाही, आणि ज्याचं अनुदान दुसऱ्यानं खाल्लं त्या शेतकऱ्यालाही.

पुढच्या पावसाळ्यात परत पंचनामे होतील, परत याद्या येतील. कुणीतरी उत्साहानं गावच्या ग्रुपवर फोटो टाकीलच. तेव्हा त्याला ग्रुपवर झापू नका. त्याचा हेतू चांगलाच असतो, माझाही होता. बाजूला फोन करून सांगा, 'भाऊ, खाते नंबरवर पट्टी मारून परत टाक.' कुणी मला त्या दिवशी एवढं सांगितलं असतं, तर कदाचित तात्यांचे कापसाचे पैसे वाचले असते.

आज रात्री पाच मिनिटं काढा आणि आपापली गॅलरी बघा. किती निघाली, फक्त आकडा कमेंटमध्ये लिहा. फोटो नका टाकू म्हणजे झालं.